मोजपट्टीचा पर्वत : आल्प्सच्या भूगोलाची प्रस्तावना

महाराष्ट्रात शाळेचा भूगोल शिकलेल्या माणसाला हिमगव्हर, शुककूट, गिरिशृंग, लोंबती दरी, मेषशिला आणि हिमोढ हे शब्द अजून आठवत असतील. त्यांच्या आकृत्या काढून, बाण दाखवून आपण गुण मिळवले. पण सातपुड्यापासून आंबोलीपर्यंत सगळे डोंगर पालथे घातले तरी यातले एकही भूरूप सापडणार नाही. कळसूबाईवरून हिमनदी कधी वाहिलीच नाही. ही सगळी रूपे पहिल्यांदा नीट पाहिली गेली, त्यांना नावे मिळाली आणि त्यांच्यावरून भांडणे झाली ती मुख्यतः आल्प्समध्ये. तिथून ती युरोपच्या विद्यापीठांत गेली, मग इंग्रजी पुस्तकांत, आणि शेवटी आपल्या वहीत उतरली. जगातले पर्वत समजून घेण्यासाठी माणसाने जी मोजपट्टी तयार केली, ती एका मध्यम उंचीच्या, मध्यम लांबीच्या युरोपीय पर्वतरांगेवरून कापलेली आहे. ती पट्टी कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे कळायचे तर आधी ती रांग नीट कळली पाहिजे. या पुस्तकामागचे कारण एवढेच आहे.

मराठी वाचकाला आल्प्स अनोळखी नाही. हिंदी सिनेमाने तो घराघरांत नेला, आणि गेली काही दशके सहलीच्या बसगाड्यांनी माणसांना थेट तिथे नेऊन उतरवले. आयगरच्या पोटातून जाणाऱ्या, 1912 साली पूर्ण झालेल्या रेल्वेने 3,454 मीटरवरच्या युंगफ्राउयोखला पोहोचायचे, बर्फात फोटो काढायचे, गरम चहा घ्यायचा आणि परतायचे. त्यात वाईट काहीच नाही. मात्र ज्या कठड्याला टेकून फोटो निघतो, त्याच्या पलीकडे आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी, आलेच, सुरू होते. ती कुठे जाते, तिचे पाणी कोण वापरते, तिच्या खालच्या गावातली माणसे पाचशे वर्षांपूर्वी कोणत्या नियमांनी गुरे चारत होती, हे बसमधल्या माहितीत येत नाही. मराठीत आल्प्सवर जे लिहिले गेले, त्यातही प्रवासवर्णनाचा वाटा मोठा आणि भूगोलाचा फार लहान आहे.

आधी ढोबळ नकाशा पाहू. नीस आणि जेनोआच्या मागच्या डोंगरांपासून निघून व्हिएन्नाच्या वेशीपर्यंत जाणारा हा धनुष्याकृती पट्टा सुमारे 1,200 किलोमीटर लांब आहे. सह्याद्री साधारण 1,600 किलोमीटर भरतो, म्हणजे लांबीत आपलाच डोंगर वरचढ. फ्रान्स, मोनॅको, इटली, स्वित्झर्लंड, लिश्टेनश्टाइन, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया या आठ देशांत हा पट्टा विभागला आहे. सर्वोच्च शिखर माँ ब्लाँ. त्याच्या माथ्यावर बर्फाची टोपी असल्याने उंची दर मोजणीला थोडी बदलते आणि 4,800 मीटरच्या थोडी वर राहते. चार हजार मीटरच्या वरची 82 शिखरे गिर्यारोहकांनी यादीत धरली आहेत, आणि ती सगळी रांगेच्या पश्चिम व मध्य भागात आहेत. त्यांतले सर्वांत पूर्वेकडचे पिझ बेर्निना 4,049 मीटर. त्याच्या पूर्वेला रांग रुंद होत जाते आणि उंची उतरत जाते. ऑस्ट्रियाचे ग्रोसग्लॉकनर 3,798 मीटरवर थांबते, तर स्लोव्हेनियाचे त्रिग्लाव 2,864 वर.

उंचीपेक्षा मला खिंडींचे आकडे जास्त बोलके वाटतात. ऑस्ट्रियातून इटलीत उतरणारी ब्रेनर खिंड 1,370 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या पठाराहून किंचितच उंच. हिमालयाची मुख्य रांग ओलांडताना अशी सोय मिळत नाही. आल्प्सच्या अंगातून रोन, ऱ्हाइन आणि इन यांच्या लांब, खोल दऱ्या रांगेला समांतर धावतात, त्यामुळे माणूस पर्वताच्या पोटात शिरून राहू शकतो. पावसाचीही गंमत आहे. सह्याद्रीत पाऊस एका बाजूने येतो, म्हणून महाबळेश्वर भिजते आणि फलटण कोरडे राहते. आल्प्समध्ये ओली हवा बाहेरच्या दोन्ही अंगांना आपटते, म्हणून कोरडा पट्टा मधोमध पडतो. रोनच्या दरीतल्या सियों गावाला वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पाऊस मिळतो. तिथल्या शेतकऱ्यांनी कड्याला चिकटवलेल्या लाकडी पाटांतून हिमनदीचे पाणी मैलोन्‌मैल आणले, त्यामागे हा कोरडेपणा आहे. महाबळेश्वरला पाच नद्यांच्या उगमाचे देऊळ आहे. आल्प्समध्ये तशी जागा शोधायची तर स्वित्झर्लंडमधली लुंगिन खिंड घ्यावी: तिथे पडलेला पाऊस तीन वाटांनी उत्तर समुद्र, काळा समुद्र आणि भूमध्य समुद्र गाठतो.

या पर्वताचा अभ्यास कसा वाढला? जिनीव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूरने 1760 साली माँ ब्लाँची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. शामोनीचा डॉक्टर पाकार आणि त्याचा सोबती बाल्मा 8 ऑगस्ट 1786 रोजी माथ्यावर पोहोचले, आणि पुढच्या वर्षी सोस्यूर स्वतः वायुभारमापक घेऊन वर गेला. शिखर जिंकल्याचे कौतुक नंतरचे. त्याला तिथला हवेचा दाब हवा होता. त्याचे आल्प्स-प्रवासाचे चार खंड 1779 ते 1796 या काळात निघाले. आधुनिक पर्वतभूगोलाची सुरुवात मी तिथे धरतो.

पुढची झेप बर्फाची, आणि ती प्राध्यापकांनी घेतली नाही. वाले प्रांतातल्या बान्य दरीत जाँ-पिएर पेरोदाँ नावाचा शिकारी होता. दरीतल्या दगडांवरचे ओरखडे आणि भलत्या ठिकाणी पडलेले प्रचंड धोंडे पाहून, हिमनद्या एके काळी फार खालपर्यंत आल्या असाव्यात, असे तो म्हणे. हे त्याने अभियंता इग्नाझ वेनेट्झला सांगितले. त्याच दरीत 1818 साली जिएत्रो हिमनदीने अडवलेले तळे फुटून गावे वाहून गेली. ते पाणी आधी काढून देण्याचे काम वेनेट्झकडेच होते. वेनेट्झकडून ही कल्पना शार्पांतिएकडे गेली आणि त्याच्याकडून लुई आगासीकडे. आगासीने 1837 मध्ये ती भाषणात मांडली आणि 1840 मध्ये ग्रंथरूपाने छापली. हिमयुगाच्या सिद्धान्तावर जगाने आगासीचे नाव कोरले. शिकाऱ्याचे नाव तळटीपेत राहिले.

डब्लिनच्या उत्तरेकडच्या ब्युमॉन्टमध्ये बसून मी हे लिहितो आहे, म्हणून आयर्लंडचा संबंध सांगणे भाग आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. आयर्लंडचे सर्वांत उंच शिखर, केरीतले कॅरनटूहिल, 1,038 मीटरचे आहे. कळसूबाई त्याहून सहाशे मीटर उंच. तरीही हिमगव्हर पाहायला मला आल्प्सपर्यंत जावे लागत नाही. ब्युमॉन्टच्या दक्षिणेला शहराच्या पलीकडे दिसणाऱ्या विकलोच्या ग्रॅनाइटी डोंगरांत ब्रे नावाची जोडतळी आहेत. बर्फाने कोरलेल्या दोन हिमगव्हरांत ती साचली आहेत. भूरूप ठरवताना उंचीइतकाच अक्षांशही बोलतो, हे इथे राहणाऱ्याला फुकट शिकायला मिळते. क्लेअर काउंटीतल्या बरेनच्या चुनखडकावर तर आल्प्सच्या कुरणांत फुलणारे निळे जेन्शियन जवळजवळ समुद्रसपाटीला फुलते.

आल्प्सच्या अभ्यासात इथल्या माणसांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फारच मोठा आहे. जॉन बॉल 1818 मध्ये डब्लिनला जन्मला. आयर्लंडमधल्या दुष्काळाच्या काळात तो गरीब-कायद्याचा सहायक आयुक्त होता. केरीत पूर्वी हिमनद्या होत्या, असा निबंध त्याने 1849 मध्ये लिहिला. लंडनच्या आल्पाइन क्लबचा तो पहिला अध्यक्ष झाला, आणि 1863 ते 1868 या काळात त्याने संपूर्ण आल्प्सचे तीन खंडांतले मार्गदर्शक लिहिले. त्यात वाटांइतकीच वनस्पती आणि खडकांची माहिती आहे. कार्लो काउंटीत 1820 साली जन्मलेल्या जॉन टिंडलची सुरुवात आयर्लंडच्या भूमापन खात्यात झाली. हिमनदी घट्ट रसासारखी वाहते की तुटत आणि पुन्हा गोठत सरकते, यावर त्याचा स्कॉटलंडच्या जेम्स फोर्ब्जशी कडाक्याचा वाद झाला. वायसहॉर्नवर 1861 मध्ये पहिल्यांदा पोहोचला तोही टिंडलच. त्याचे याहून महत्त्वाचे काम प्रयोगशाळेत झाले: पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतात, हे त्याने 1859 पासून मोजून दाखवले. त्याच्या तीन वर्षे आधी अमेरिकेत युनिस फूट यांनी याच दिशेचा प्रयोग केला होता, तेही विसरू नये. आज आल्प्सच्या हिमनद्या का वितळतात, याच्या उत्तराचा एक धागा हिमनद्यांवर जीव टाकणाऱ्या या माणसाच्या प्रयोगनळीतून निघतो.

विकलोच्या ब्रे गावचा चार्ल्स बॅरिंग्टन मात्र शास्त्रज्ञ नव्हता. तो 1858 मध्ये दोन स्थानिक वाटाड्यांसह आयगरवर पहिल्यांदा चढला आणि घरी परतून घोड्यांच्या शर्यतींत रमला. याच काउंटीतल्या ग्रेस्टोन्समध्ये वाढलेल्या लिझी ल ब्लाँ यांनी 1907 मध्ये स्त्रियांचा आल्पाइन क्लब उभा केला. गिर्यारोहणाचा हा इतिहास सुरस आहे, पण पुस्तकात तो मी मुद्दाम मागच्या बाकावर बसवला आहे. शिखरांनी आल्प्सच्या भूगोलाची जागा फार काळ अडवून ठेवली.

सगळ्यांत रंगलेला वाद खडकांचा. स्वित्झर्लंडच्या ग्लारूस भागात एल्म गावाच्या वरच्या कड्यांवर कुणी पट्टीने आखल्यासारखी एक रेघ दिसते. रेघेच्या वरचा खडक 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर खालचा जेमतेम साडेतीन ते पाच कोटी वर्षांचा. जुने वर आणि नवे खाली, हे साध्या नियमाच्या उलट झाले. आर्नोल्ड एशरला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच वाटले होते की वरचा खडक दुरून सरकत आला असावा. पण छापले तर लोक वेड्यात काढतील, या धास्तीने त्याने दोन घड्या समोरासमोर येऊन पडल्याचे कमी धक्कादायक स्पष्टीकरण पत्करले. त्याचा शिष्य आल्बर्ट हाइम याने ती दुहेरी घडी अप्रतिम रेखाटनांनी जगापुढे मांडली. मग 1884 मध्ये फ्रान्सच्या मार्सेल बेर्त्राँने, ग्लारूसला न जाता, हाइमचीच वर्णने वाचून सांगितले की घड्या दोन नाहीत, एकच प्रचंड थर दक्षिणेकडून उत्तरेला सरकत आला आहे. हाइमने ते मान्य करायला विसावे शतक उजाडले. पण केले, आणि खुलेपणाने केले. आज ती रेघ जागतिक वारशाच्या यादीत आहे.

त्यानंतर अख्खा आल्प्स नव्याने वाचला गेला. एकमेकींवर ढकललेल्या गोधड्यांसारखे खडकांचे थर, आणि प्रत्येकाचे मूळ घर वेगळे. व्हिएन्नाच्या एडुआर्ड स्यूसने आल्प्स आणि हिमालय यांच्या जागी पूर्वी असलेल्या समुद्राला 1893 मध्ये टेथिस हे नाव दिले. गोंडवन हा शब्दही त्यानेच जगभर नेला. एमिल आर्गांने थरांचा हिशेब मांडून युरोप आणि आफ्रिका एकमेकांकडे सरकल्याचे चित्र उभे केले. मॅटरहॉर्नचा देखणा माथा आफ्रिकेच्या बाजूच्या भूखंडाचा आहे आणि त्याच्या पायाशी टेथिसच्या तळाचे अवशेष दडले आहेत. आपला सह्याद्री या कुळातला नव्हेच. लाव्हाचे आडवे थर, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे, पश्चिमेला तुटलेली कड, आणि तिला चिरत गेलेले घाट. त्याचा भाऊबंद शोधायचा तर उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमच्या बेसॉल्टकडे जावे लागेल. आल्प्सकडे नाही.

मोजपट्टी फसते कशी, याचे सर्वांत चांगले उदाहरण हिमयुगांच्या मोजणीचे. आल्ब्रेख्ट पेंक आणि एडुआर्ड ब्रुक्नर यांनी 1901 ते 1909 या काळात आल्प्सच्या उत्तरेकडच्या नद्यांचे काठ तपासून ग्युन्झ, मिंडेल, रिस आणि व्युर्म अशी चार हिमयुगे ठरवली. काम पक्के होते, त्या जागेपुरते. पण चार हा आकडा मंत्र झाला. डी टेरा आणि पॅटरसन यांनी 1939 मध्ये काश्मीर आणि पोटवारचे थर त्याच चार खणांत बसवले, आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासावर त्या चौकटीची छाया पुढे बराच काळ राहिली. खोल समुद्रातल्या गाळाचे नमुने निघाले तेव्हा थंडीचे फेरे चारपेक्षा पुष्कळ जास्त असल्याचे कळले. पेंकने काही चुकीचे पाहिले नव्हते. इतरांनी आपल्या जमिनीकडे न पाहता त्याच्या वहीकडे पाहिले.

खडक आणि बर्फ यांच्यानंतर माणसांचा नंबर उशिरा लागला. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला राऊल ब्लाँशारने एक पूर्ण परंपरा उभी केली. तिथले आल्प्स-भूगोलाचे नियतकालिक 1913 मध्ये सुरू झाले. दरी हा अभ्यासाचा घटक, आणि तिच्यातली शेती, गुरे, वीज, कारखाने, स्थलांतर हे सगळे एकत्र वाचायचे, ही त्यांची रीत. जर्मन भाषेतल्या परंपरेत कार्ल ट्रोलने जगातल्या उंच पर्वतांची तुलना करण्याचे शास्त्र वाढवले, तर अलीकडच्या काळात वेर्नर बेट्सिंगने एक कटू गोष्ट आकड्यांनिशी मांडली: आल्प्स एकाच वेळी ओस पडतो आहे आणि शहर होतो आहे. दरीतली शहरे आणि बर्फावरच्या खेळांची गावे फुगतात, बाजूची खेडी म्हाताऱ्यांपुरती उरतात. कोकणातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मला स्वतःला सर्वांत जवळचे वाटते ते ट्योर्बेल. रोनला मिळणाऱ्या व्हिस्पा नदीच्या दरीवरचे हे लहान स्विस गाव. कुरणे, जंगल आणि पडीक जमीन यांचा वापर कसा करायचा, याचा लेखी करार गावकऱ्यांनी 1483 मध्ये केला. जितकी गुरे हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तितकीच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवायची, हा नियम 1517 चा. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंगने या गावाचा बारकाईने अभ्यास करून 1981 मध्ये पुस्तक लिहिले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात ट्योर्बेलचा दाखला दिला. सामाईक मालमत्ता म्हणजे नासाडी ठरलेलीच, हा समज त्यांनी मोडून काढला आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हे वाचताना धुळे आणि नाशिककडची फड पद्धत आठवल्याशिवाय राहत नाही. पांझरा आणि मोसम यांच्या बंधाऱ्यांवर पाणी कुणाला कधी मिळेल आणि कोणत्या फडात कोणते पीक, हे शेतकरी स्वतःच ठरवत. ट्योर्बेलला नेटिंग भेटला. आमच्या फडांनाही अभ्यासक भेटले, पण भूगोलाच्या वर्गात त्यांना आलेच हिमनदीइतकी जागा कधी मिळाली नाही.

आता घाई कशाची, असे कुणी विचारेल. उत्तर बर्फात आहे. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी 2022 या एका वर्षात सुमारे 6 टक्के घनफळ गमावले आणि 2023 मध्ये आणखी 4 टक्के. म्हणजे दोन वर्षांत एक दशांश. लोत्शेन दरीतल्या ब्लाटेन गावावर 28 मे 2025 रोजी वरचा कडा आणि बिर्श हिमनदी एकत्र कोसळली आणि गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. एक जीव गेला, पण सुमारे तीनशे रहिवाशांना काही दिवस आधीच हलवले होते, कारण डोंगर सरकतो आहे हे मोजले जात होते. ही शहाणीव जन्मजात नाही. एल्मला, त्याच ग्लारूसच्या रेघेखाली, पाटीच्या दगडाच्या खाणीने पायथा पोखरला आणि 1881 मध्ये डोंगर उतरून शंभरहून अधिक माणसे मेली. त्या दुर्घटनेचा अभ्यास हाइमनेच केला. माळीणला 30 जुलै 2014 च्या सकाळी आणि इर्शाळवाडीला 19 जुलै 2023 च्या रात्री जे झाले, ते आठवून ब्लाटेन आणि एल्म ही दोन गावे शेजारी ठेवून वाचावीत. खडक वेगळा, पाऊस वेगळा, पण डोंगरावर नजर ठेवायची की नाही हा प्रश्न एकच.

कायद्याचीही तुलना करण्यासारखी आहे. आल्प्सच्या देशांनी 1991 मध्ये साल्झबुर्गला आल्पाइन करार केला: सीमा ओलांडून अख्खी रांग एक प्रदेश धरायची, म्हणजे सुमारे 1 लाख 90 हजार चौरस किलोमीटर आणि दीड कोटीच्या जवळपास माणसे. त्याचे गोडवे गायची गरज नाही. खुद्द स्वित्झर्लंडने कराराचे तपशीलवार प्रोटोकॉल अजून मंजूर केलेले नाहीत, आणि ब्रेनरवरून मालट्रकांची रांग हटलेली नाही. तरी नकाशावर एक रेघ आहे आणि तिच्याबद्दल भांडायला जागा आहे. आपल्याकडे माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाबद्दल 2011 मध्ये अहवाल दिला, 2013 मध्ये कस्तुरीरंगन गटाचा दुसरा आला, आणि रेघ कुठून ओढायची यावर सहा राज्यांचे एकमत झालेले नाही. गाडगीळांच्या अहवालातला निर्णय ग्रामसभांनी घ्यावा हा आग्रह ट्योर्बेलच्या माणसांना अजिबात नवा वाटला नसता.

या पुस्तकात सगळा आल्प्स नाही. तसा दावा करणारी जाडजूड पुस्तके युरोपीय भाषांत आहेत आणि ती माझ्याहून जाणत्यांनी लिहिली आहेत. इथे निवडक दऱ्या घेतल्या आहेत, आणि प्रत्येक दरीत खडकापासून गावकीपर्यंत खालून वर चढायचा प्रयत्न केला आहे. पश्चिमेकडच्या उंच भागाला जास्त पाने मिळाली, पूर्वेकडच्या स्लोव्हेनियाला कमी. हा पक्षपात ज्यांना खटकेल त्यांचे म्हणणे बरोबर आहे. जिथे मराठी पाठ्यपुस्तकांत चांगला शब्द होता तिथे तो वापरला, नव्हता तिथे नवा घडवत बसण्यापेक्षा सरळ वर्णन केले. सह्याद्री आणि हिमालय पानोपानी येतात, पण आल्प्सला मोठे ठरवण्यासाठी नाही आणि लहान ठरवण्यासाठीही नाही.

नकाशा शेजारी ठेवून वाचावे, एवढी विनंती. आणि मुळशी, जावळी, अकोले किंवा चंदगडकडे राहणाऱ्या वाचकांना आणखी एक: तुमच्या एकेका खोऱ्याचा, त्यातल्या खडक, पाणी, गुरे आणि माणसांसकट लिहिलेला भूगोल मराठीला हवा आहे. इथल्या पद्धतीतले जे तुमच्या डोंगराला बसेल ते घ्या, बसणार नाही ते टाकून द्या, आणि तो लिहा.

ब्युमॉन्ट, डब्लिन